अमेरिकेचं राजकारण आणि वर्णद्वेषी शिव्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत निवडणूक लागली की इथल्या मराठी घरांतून आणि तिकडच्या नातेवाइकांकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कोण कुणाला काय म्हणालं, त्यावर एवढा गदारोळ का झाला, आणि यात आपण कुठे बसतो? मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहिलो आहे. फोनवर तुकड्यातुकड्यांत दिलेली उत्तरं इथे एका जागी लिहून काढली आहेत.

या पानावर तो शब्द पूर्ण का लिहिलेला नाही? 'एन-वर्ड' म्हणजे नेमकं काय?

कृष्णवर्णीय माणसांसाठी वापरली जाणारी ती शिवी. तिच्या पहिल्या अक्षरावरून 'एन-वर्ड' म्हणतात. १९९५ साली लॉस एंजेलिसमध्ये ओ. जे. सिम्प्सनवर खुनाचा खटला चालला. त्यात एका पोलीस अधिकाऱ्याने हा शब्द सर्रास वापरल्याचं उघड झालं, आणि टीव्हीवर तो शब्द न उच्चारता बातमी सांगायची म्हणून 'एन-वर्ड' हा पर्याय घरोघरी पोहोचला.

मी तो लिहीत नाही, याचं कारण सोवळेपणा नाही. गुलामांच्या बाजारात बोली लावताना हा शब्द होता, झाडाला माणूस लटकवणाऱ्या जमावाच्या तोंडी हाच होता, आणि मतदानाला आलेल्या म्हाताऱ्याला हाकलून देतानाही हाच होता. जातीचं नाव शिवी म्हणून फेकलं की ऐकणाऱ्याच्या पोटात काय होतं, हे ज्यांनी महाराष्ट्रात अनुभवलं आहे त्यांना अधिक सांगायची गरज नाही. बाकीचे काही शब्द खाली लिहिले आहेत, कारण ते लिहिल्याशिवाय प्रसंग कळणार नाही.

'मकाका' प्रकरण काय होतं?

कुणी मला एकच उदाहरण मागितलं तर मी हेच सांगतो.

ऑगस्ट २००६. व्हर्जिनियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन फेरनिवडणुकीला उभे होते आणि पुढे राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांचं नाव घेतलं जात होतं. विरोधी उमेदवार जिम वेब यांचा एक स्वयंसेवक कॅमेरा घेऊन त्यांच्या सभांना हजर राही. वीस वर्षांचा, भारतीय वंशाचा विद्यार्थी. ब्रेक्स नावाच्या गावातल्या सभेत ॲलन यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं, त्याला 'मकाका' म्हटलं, आणि लोकांना सांगितलं की याचं स्वागत करा, अमेरिकेत आणि खऱ्या व्हर्जिनियात स्वागत असो. 'मकाक' ही माकडांची एक जात. फ्रेंच वसाहतींत हा शब्द आफ्रिकन लोकांसाठी शिवीसारखा वापरला जात असे.

तो मुलगा व्हर्जिनियातच जन्मला आणि वाढला होता. ॲलन यांचा जन्म कॅलिफोर्नियातला. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाने घरच्या मुलाला 'अमेरिकेत या' म्हटलं, फक्त कातडीच्या रंगावरून. आणि मुलाच्या हातातला कॅमेरा सुरू होता.

आधी ॲलन यांच्या बाजूने सांगण्यात आलं की शब्दाला काही अर्थच नव्हता. नंतर माफी आली. नोव्हेंबरात ते साधारण नऊ हजार मतांनी हरले, एकूण मतं तेवीस लाखांच्या पुढे होती. त्या एका जागेने सिनेटचं बहुमत डेमोक्रॅटांकडे गेलं. निव्वळ एका शब्दामुळे ते हरले असं मी म्हणणार नाही, तेव्हा इराक युद्धावरूनही लोक चिडलेले होते. पण शब्द उच्चारला गेला त्या दिवसापर्यंत ते आघाडीवर होते, हेही खरं.

यातली मला सलणारी गोष्ट वेगळीच आहे. महिनोन्महिने चर्चा चालली ती ॲलन यांच्या कारकिर्दीची. ज्याला सभेत सगळ्यांसमोर उभं करून हसण्यावारी नेलं, त्या पोराच्या मनाची चौकशी फार थोड्यांनी केली.

मग वर्णद्वेषी पक्ष कोणता, डेमोक्रॅटिक की रिपब्लिकन?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. दोन्ही बाजूंचे लोक अर्धा इतिहास सांगतात, म्हणून पूर्ण सांगतो.

गुलामगिरी संपवणारे अब्राहम लिंकन रिपब्लिकन होते. यादवी युद्धानंतर दक्षिणेतली राज्यं डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती गेली, आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, कृष्णवर्णीयांना मतदान नाही, अशी व्यवस्था तिथे त्याच पक्षाने बसवली. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष वूड्रो विल्सन यांच्या काळात, १९१३ पासून, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतही गोरे आणि काळे कर्मचारी वेगळे बसवले गेले. हे सगळं खरं आहे, आणि रिपब्लिकन मित्र ते सांगतात तेव्हा ऐकून घ्यायला हवं.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. १९४८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने नागरी हक्कांची बाजू घेतली तेव्हा साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड वेगळी चूल मांडून राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि दक्षिणेतली चार राज्यं जिंकले. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या २७ पैकी २१ डेमोक्रॅट होते, ६ रिपब्लिकन. नुसते हे आकडे पाहिले तर रिपब्लिकन पक्ष उजळ दिसतो. मात्र त्या सहांमध्ये बॅरी गोल्डवॉटर होते, आणि त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने त्यांनाच राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. थर्मंड त्याच वर्षी रिपब्लिकन झाले. १९६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांना कृष्णवर्णीयांची साधारण तिसरा हिस्सा मतं मिळाली होती, गोल्डवॉटर यांना नावापुरती. पुढची तीस वर्षं दक्षिणेतला गोरा मतदार हळूहळू एका पक्षातून दुसऱ्यात सरकत गेला.

म्हणून 'कू क्लक्स क्लॅन (कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना) तर डेमोक्रॅटांची' असं कुणी २०२० च्या दशकात म्हणालं, तर पाटी जुनी आहे पण दुकानातला माल आणि गिऱ्हाईक दोन्ही बदललंय, एवढं लक्षात ठेवावं. आणि 'लिंकनचा पक्ष' म्हणवणाऱ्यांनाही तेच लागू.

'डॉग व्हिसल' हा शब्द सारखा येतो. तो काय प्रकार आहे?

कुत्र्यांसाठीच्या शिट्टीचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, कुत्र्याला येतो. राजकारणात अर्थ असा की वाक्य वरून साधं, पण ज्यांच्यासाठी आहे त्यांना बरोबर कळतं.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आतल्या माणसानेच दिला. ली ॲटवॉटर हे रिपब्लिकन पक्षाचे प्रचारतज्ज्ञ. १९८१ साली नाव न छापण्याच्या बोलीवर एका अभ्यासकाला त्यांनी सांगितलं की १९५४ मध्ये सरळ एन-वर्ड ओरडता यायचा, १९६८ पर्यंत तो अंगाशी यायला लागला, मग 'राज्यांचे हक्क' (म्हणजे वंशभेदाच्या बाबतीत केंद्राने राज्यांत ढवळाढवळ करू नये) आणि शाळेच्या 'सक्तीच्या बस' (गोरी-काळी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत नेणं) अशी भाषा आली, आणि पुढे ती इतकी आडवळणी झाली की करकपातीबद्दल बोललं तरी झळ काळ्यांनाच अधिक बसते. या मुलाखतीची ध्वनिफीत २०१२ मध्ये सार्वजनिक झाली, तेव्हा लोकांनी ते त्यांच्याच आवाजात ऐकलं.

हेच ॲटवॉटर १९८८ साली थोरल्या बुश यांच्या प्रचाराचे सूत्रधार होते. मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगातून रजेवर सुटलेल्या विली हॉर्टन या कृष्णवर्णीय गुन्हेगाराने बलात्कार केला होता. तिथले गव्हर्नर मायकेल ड्युकाकिस डेमोक्रॅट उमेदवार होते, म्हणून हॉर्टनचा चेहरा टीव्हीवरच्या एका जाहिरातीत झळकला. जाहिरात वरकरणी वेगळ्या गटाची होती, पण हॉर्टनचा मुद्दा प्रचारभर घोळवला गेला. शिवी एकही नाही. दोन-तीन वर्षांत ॲटवॉटर मेंदूच्या कर्करोगाने आजारी पडले आणि १९९१ मध्ये, चाळिशीत वारले. जाण्याआधी त्या प्रचारातल्या क्रौर्याबद्दल त्यांनी ड्युकाकिस यांची माफी मागितली.

सावधगिरीची एक गोष्ट. कर कमी करा किंवा सीमेवर कडक पहारा ठेवा म्हणणारा प्रत्येक माणूस शिट्टी वाजवत नसतो. शब्द कोण, कुठे, कुणासमोर बोलतो ते पाहावं लागतं. रोनाल्ड रेगन यांनी १९८० मध्ये मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत 'राज्यांच्या हक्कां'वर विश्वास असल्याचं सांगितलं. त्याच काउंटीत १९६४ साली नागरी हक्कांच्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला होता. तेच वाक्य दुसऱ्या गावात बोलले असते तर कदाचित एवढं बोचलं नसतं.

म्हणजे दोन्ही पक्ष सारखेच म्हणायचे का?

नाही. पण 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' हा न्याय दोघेही लावतात, आणि त्याची उदाहरणं ढीगभर आहेत.

डिसेंबर २००२ मध्ये थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाला रिपब्लिकन सिनेट नेते ट्रेंट लॉट म्हणाले की १९४८ साली आमच्या राज्याने यांना मत दिलं याचा अभिमान आहे, बाकीच्यांनीही दिलं असतं तर इतक्या वर्षांच्या कटकटी झाल्या नसत्या. डेमोक्रॅट तुटून पडले, लॉट यांना नेतेपद सोडावं लागलं. जानेवारी २०१० मध्ये उघड झालं की डेमोक्रॅट सिनेट नेते हॅरी रीड खाजगीत ओबामांबद्दल बोलताना म्हणाले होते की त्यांचा वर्ण उजळ आहे आणि बोलण्यात 'निग्रो' ढंग नाही, म्हणून ते निवडून येऊ शकतात. आता रिपब्लिकनांनी राजीनामा मागितला, 'लॉटला एक न्याय आणि याला दुसरा का?' म्हणून. ओबामांनी माफी स्वीकारली, रीड पदावर राहिले.

माझं मत विचाराल तर ही दोन वाक्यं एका तागडीत बसत नाहीत. एकाने वंशभेदाच्या राजवटीची हळहळ केली, दुसऱ्याने गोऱ्या मतदारांचा पूर्वग्रह मोजला, तोही जुनाट, लागट शब्दांत. पण हा फरक समजावून सांगण्याचे कष्ट त्या दिवसांत डेमोक्रॅटांपैकीही थोड्यांनीच घेतले. बहुतेकांनी आपल्या माणसाला पाठीशी घातलं, बस.

माणसाने पुढे काय केलं, हा माझा स्वतःचा कस आहे. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन खाजगीत एन-वर्ड वापरत. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा, दोन्हींवर सही त्यांचीच. डेमोक्रॅट सिनेटर रॉबर्ट बर्ड तरुणपणी क्लॅनमध्ये होते आणि १९६४ चा कायदा अडवायला चौदा तासांहून अधिक बोलले. नंतर आयुष्यभर त्याबद्दल खेद व्यक्त करत राहिले. तरीही २००१ मध्ये टीव्हीवर त्यांच्या तोंडून तोच शब्द निघाला आणि पुन्हा माफी मागावी लागली. शब्द किती खोल मुरलेला असतो ते यातून दिसतं.

आणखी एक उदाहरण पुन्हा व्हर्जिनियाचंच. फेब्रुवारी २०१९ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातल्या त्यांच्या पानावर एक फोटो सापडला. त्यात एकाने कृष्णवर्णीयांची नक्कल म्हणून चेहरा काळा रंगवलेला, दुसरा क्लॅनच्या पोशाखात. आधी त्यांनी फोटोत आपण असल्याचं कबूल केलं, दुसऱ्या दिवशी नाकारलं. त्यांच्याच पक्षाच्या बड्या नेत्यांनी राजीनामा मागितला. ते हलले नाहीत. तेव्हाच्या जनमत चाचणीत कृष्णवर्णीय मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जण त्यांनी राहावं म्हणत होते. गोऱ्या पुढाऱ्यांचा संताप एकीकडे आणि ज्यांचा अपमान झाला त्यांचा हिशोब दुसरीकडे! उरलेल्या कारकिर्दीत व्हर्जिनियाने फाशीची शिक्षा रद्द केली आणि २०२१ मध्ये रिचमंडमधला, यादवी युद्धात गुलामगिरीवाद्यांचे सेनापती असलेल्या जनरल ली यांचा पुतळा उतरवला. त्या मतदारांनी गव्हर्नरला कामाला लावलं असं मला वाटतं.

सध्याच्या काळाबद्दल मात्र 'दोघे सारखेच' म्हणणं मला जमत नाही. जुलै २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काँग्रेसमधल्या गौरेतर महिला सदस्यांना उद्देशून, आलात त्या देशांत परत जा, असं जाहीरपणे लिहिलं. रोख ज्या चौघींवर होता त्यांतल्या तिघी अमेरिकेतच जन्मलेल्या. प्रतिनिधिगृहाने २४० विरुद्ध १८७ मतांनी निषेध केला, आणि रिपब्लिकनांपैकी फक्त चौघांनी त्या बाजूने मत दिलं. लॉट यांना २००२ मध्ये त्यांच्याच पक्षाने खाली उतरवलं होतं. सतरा वर्षांत एवढा फरक पडला.

कृष्णवर्णीय लोक आपापसात तो शब्द वापरतात, मग इतरांनी का नाही?

त्यांच्यातही यावर एकमत नाही. २००७ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेने डेट्रॉइटमध्ये या शब्दाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली होती. तो वाद त्यांचा त्यांना घालू द्यावा. गाण्यात ऐकलं म्हणून आपल्या मुलाने शाळेत म्हटलं, तर त्याला सूट मिळत नाही आणि मिळू नये.

अमेरिकेत अशी शिवी देणं गुन्हा नाही का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे ऐकून आपल्याकडच्या वाचकांना धक्का बसतो. आपल्याकडे १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. दलित किंवा आदिवासी माणसाला चारचौघांत जातीवाचक शिवीगाळ केली तर गुन्हा दाखल होतो. अमेरिकेत भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी संविधानाची पहिली दुरुस्ती आड येते. १९६९ च्या ब्रँडनबर्ग खटल्यात ओहायोतल्या एका क्लॅन पुढाऱ्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. ताबडतोब हिंसा घडवण्यासाठी चिथावणी असेल आणि ती घडण्याची शक्यताही असेल, तरच भाषणाला शिक्षा करता येते, असं ठरलं. आशियाई वंशाच्या एका संगीतसमूहाने आशियाई डोळ्यांवरून असलेली शिवीच आपलं नाव म्हणून नोंदवायला मागितली. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाने नाकारली, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदीच घटनाबाह्य ठरवली.

पण नोकरीच्या जागी किंवा शाळेत सतत असं बोललं गेलं तर तो भेदभाव ठरतो आणि मालक किंवा शाळा जबाबदार धरली जाते. मारहाण करताना वंशद्वेष हेतू असेल तर शिक्षा वाढते.

मला आपला कायदा याबाबतीत अधिक न्याय्य वाटतो. पण तिथले अनेक कृष्णवर्णीय वकील सांगतात की बोलण्यावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला दिला, तर तो आधी आमच्यावरच चालवला जाईल. १९६० च्या दशकात दक्षिणेतल्या पोलिसांनी मोर्चे कसे मोडले ते पाहता हा मुद्दा मी सहज बाजूला सारू शकत नाही.

भारतीयांना काय काय म्हटलं गेलं?

१९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये लाकूड कारखान्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना गोऱ्या जमावाने गावातून हाकललं. बहुतेक जण शीख होते, पण वर्तमानपत्रांत सगळे 'हिंदू'. तेव्हा तो शब्द धर्माचा नव्हता, हेटाळणीचा होता. १९२३ मध्ये पंजाबी स्थलांतरित भगतसिंग थिंड यांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिकत्व नाही.

१९८७ ची गोष्ट न्यू जर्सीतली जुनी मंडळी अजून हलक्या आवाजात सांगतात. जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याने स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना शहरातून घालवण्याची धमकी दिली. 'डॉट' म्हणजे बायकांच्या कपाळाची टिकली. त्याच काळात शेजारच्या होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला टोळक्याने इतकं मारलं की तो वाचला नाही. तो पारशी होता. शिवी देणारा तुमचा धर्म, जात, गाव विचारत बसत नाही.

राजकारणात हे दोन्हीकडून येतं. २००६ मध्ये जो बायडन म्हणाले होते की डेलावेअरमध्ये भारतीय उच्चार असल्याशिवाय सेव्हन-इलेव्हन किंवा डंकिन डोनट्समध्ये जाताच येत नाही. कौतुक म्हणून म्हणाले, पण समोरच्याला दुकानदारापलीकडे पाहिलं नाही. २०१० मध्ये साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन राज्य सिनेटर जेक नॉट्स यांनी स्वतःच्याच पक्षाच्या, भारतीय वंशाच्या निकी हेली यांना आणि ओबामांना 'रॅगहेड' म्हटलं, म्हणजे डोक्याला चिंध्या गुंडाळणारे. हेली त्या वर्षी गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. पाच वर्षांनी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली, तेव्हा विधिमंडळाच्या आवारातून गुलामगिरीवाद्यांचा झेंडा उतरवणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची रिपब्लिकन उमेदवारी मागितलेल्या विवेक रामस्वामी यांना लेखिका ॲन कोल्टर यांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही भारतीय आहात म्हणून मी तुम्हाला मत दिलं नसतं. त्याच डिसेंबरात एच-वन-बी व्हिसावरून ट्रम्प समर्थकांमध्येच जुंपली आणि समाजमाध्यमांवर भारतीयांना उद्देशून जे लिहिलं गेलं ते इथे उतरवण्याजोगं नाही.

'आपण शिकलेले, कर भरणारे, आपल्याला कोण बोलणार?' असं म्हणणारे माझ्या ओळखीचे काही जण त्या महिन्यात गप्प झाले होते.

श्री ठाणेदार यांच्या निवडीवर वर्णावरून वाद का झाला?

बेळगाव जिल्ह्यातून आलेले, मराठी घरातले ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून डेमोक्रॅट म्हणून काँग्रेसवर निवडून गेले. आपल्याला अभिमान वाटला, वाटणारच. पण त्यांच्या मतदारसंघात डेट्रॉइटचा मोठा भाग येतो, आणि डेट्रॉइटमध्ये दर चार माणसांत तीन कृष्णवर्णीय. प्राथमिक फेरीत अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मतं विभागली गेली, आणि जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदाच त्या शहराला काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. आमचं म्हणणं मांडणारा आमच्यातला कुणी का नाही, असं तिथले लोक विचारू लागले.

असं विचारणाऱ्याला वर्णद्वेषी म्हणून मोकळं होता येत नाही. आपल्या भाषेचा माणूस सभागृहात असावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लढणाऱ्या बेळगावकडच्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको.

मराठीत 'निग्रो' किंवा 'काळे' म्हटलं तर चालतं का?

'निग्रो' आता सोडावा. आपल्या जुन्या वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत तो वाईट हेतूने येत नसे, हे मान्य. मार्टिन ल्यूथर किंगही तो वापरत. पण अमेरिकेने २०१६ मध्ये आपल्या केंद्रीय कायद्यांतूनही तो काढला. 'कृष्णवर्णीय', 'आफ्रिकन अमेरिकन' किंवा सरळ 'ब्लॅक' लिहावं.

'काळे' हा शब्द सुरावर अवलंबून आहे. 'काळ्या लोकांचा लढा' म्हणताना काही वावगं नाही. पण मेजवानीच्या टेबलावर 'त्या भागात घर घेऊ नका, काळे फार आहेत' हे वाक्य मी मराठीत इतक्या वेळा ऐकलं आहे की आता गप्प बसवत नाही. 'त्यांना कुठे मराठी कळतं' हे त्यावरचं उत्तर मला अजिबात पटत नाही. शेजारी बसलेल्या आपल्या मुलांना कळतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला गुलामगिरीवरचा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून, समुद्रापलीकडच्या काळ्या माणसाचं दुःख आणि इथल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख त्यांनी एकत्र पाहिलं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. एवढा वारसा असताना आपल्या तोंडी ते वाक्य यावं, याची मला मनापासून लाज वाटते.

माझ्या मुलाला तिथल्या शाळेत असं बोललं गेलं तर काय करावं?

त्याच दिवशी लिहून काढा. तारीख, जागा, नेमका शब्द, कोण हजर होतं. शब्द सौम्य करून लिहू नका. मुख्याध्यापकांना ईमेल करा, नुसतं भेटून किंवा फोनवर बोलू नका, आणि शाळेने काय केलं ते लेखी मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला वंश, वर्ण आणि मूळ देश यावरून होणारा छळ थांबवावाच लागतो, ते १९६४ च्या त्याच कायद्यात आहे. शाळा दाद देत नसेल तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. नोकरीच्या जागचा प्रश्न असेल तर समान रोजगार संधी आयोगाकडे जावं लागतं. तिथेही मुदत १८० दिवस, आणि राज्याची स्वतःची तशी यंत्रणा असेल तर ३००.

हे सगळं करण्याआधी मुलाला जवळ बसवून विचारा की काय झालं, आणि मध्ये न बोलता ऐका. माझ्या ओळखीच्या एका घरात वडील संतापून थेट शाळेत गेले. मुलगा गाडीत बसून रडत होता, आणि त्याला काय वाटलं हे रात्री जेवताना पहिल्यांदा कुणी विचारलं.